टाकी रिकामी करून ठेवणे

श्रावण शुद्ध चतुर्थी, शनिवार. सकाळचे साडेसात. शेतातल्या घराचं अंगण.

हजर: मी. माझा नवरा. मामा, म्हणजे माझे सासरे, वय ब्याऐंशी, ओसरीवर खुर्ची टाकून. आणि पोत्यावर आडवं ठेवलेलं गवत कापायचं मशीन.

गैरहजर: ताडकळसचा मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. तो नव्हता याला कारण मी.

ही नोंद मी त्या दिवशी वहीत केली होती, ती समोर ठेवूनच लिहिते आहे. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. काचनळ्या किती, फुटल्या किती, स्पिरिटचा दिवा शेवटचा कोणी वापरला, हे लिहिण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळे घरातलं कामसुद्धा आधी कागदावर उतरल्याशिवाय मला सुचत नाही. त्या सकाळच्या यादीत अकरा कामं होती आणि त्यांना दिवस एकच होता.

एकच का, ते सांगते. रविवारी नागपंचमी. त्या दिवशी आमच्या घरात विळी, विळा, कोयता कशालाच हात लावत नाहीत. भाजी चिरायची नाही, माती खणायची नाही, गवताची काडी तोडायची नाही. आणि सोमवार श्रावणातला पहिला. त्या दिवशी मामा समाधीला जाणार. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला पुरतात. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याच रानात शेवटच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, बेलाच्या झाडाखाली आहेत. घरापासून तिथपर्यंत दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून पायवाट जाते. मामांच्या पावलांनी चारशेच्या वर. उन्हाळ्यात ती वाट तळहातासारखी स्वच्छ असते. श्रावणात गाजरगवत छातीला लागतं, खाली केना पसरतो, आणि काळ्या मातीत पाय कुठं पडतोय ते दिसत नाही.

मागच्या श्रावणात मशीन बंद पडलेलं होतं. वाट तशीच राहिली. मामा कोणाला न सांगता काठी घेऊन निघाले आणि निम्म्यात घसरून पडले. आम्हाला तासाभराने कळलं, कुत्रं एकाच जागी का भुंकतंय म्हणून बघायला गेलो तेव्हा. उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्यातून येतानाच त्यांनी सांगून टाकलं, "हात मोडलाय, पाय न्हाई." म्हणजे पुढच्या सोमवारी ते जाणारच होते. नवऱ्याने अख्खा दिवस विळा चालवून एका माणसापुरती वाट केली आणि मग तो चार दिवस कंबर धरून बसला.

म्हणून या वर्षी मामा जाणार की नाही असा प्रश्नच नव्हता. ते मोकळ्या वाटेने जाणार की गवतातून, एवढंच आमच्या हातात होतं. मजूर बायका सगळ्या सोयाबीनच्या खुरपणीत. आषाढभर पाऊस लागून राहिल्यामुळे मशीन बाहेर काढायला फुरसत मिळाली नव्हती. उरला तो शनिवार.

मशीन तसं साधंच आहे. खांद्याला अडकवायचा पट्टा, माणसाएवढी नळी, मागच्या टोकाला छोटं पेट्रोलचं इंजिन आणि पुढच्या टोकाला नायलॉनच्या दोरीची चकरी. दोरी इतक्या वेगाने फिरते की गवत कापलं जातं. सगळे त्याला कटर म्हणतात. आमच्यात वाटणी अशी की चालवायचं नवऱ्याने आणि सांभाळायचं मी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, कारण या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते. ते मी मापाने मिसळते, लिटरला चाळीस मिली, त्यासाठी एक जुनी मापाची नळी शाळेकडून रीतसर मागून आणलेली आहे. हवेची जाळी साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासायचा. पुढच्या गिअरला ग्रीस. नवी दोरी आदल्या संध्याकाळपासून पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे ती दगडाला लागून तटातट तुटत नाही. आणि दिवाळीनंतर मशीन टांगून ठेवताना सगळ्यात महत्त्वाचं: टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे आत थेंब राहत नाही. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्याचा चिकट राप बसतो आणि मशीन पुढच्या पावसाळ्यात उठत नाही.

हे सगळं मी करत होते. वहीत बरोबरच्या खुणा आहेत. तरी दोन वर्षं मशीन पावसाळ्यात दगा देत होतं.

पहिल्या वर्षी ते चालूच झालं नाही. मिस्त्रीने कार्बोरेटर धुऊन दिला. दुसऱ्या वर्षी चालू झालं, पाव तास चाललं आणि आतून खरखर करत थांबलं. मिस्त्रीने इंजिन उघडून पिस्टन माझ्या हातात दिला. त्यावर उभे ओरखडे होते, मांजराने नखं मारावीत तसे. तो म्हणाला, हे बिनऑइलचं चालवलंय. मला ते लागलं. मी मापाने मिसळते, थेंबाचा फरक पडत नाही, असं मी त्याला सुनावलं.

"म्याडम, माप तुमचं बरोबर असंल," तो म्हणाला. "पण पिस्टन कामून खोटं बोलंल?"

दुकानात आणखी दोघं जण उभे होते. त्यांच्यादेखत मी त्याला म्हणाले की तुम्हाला काम येत नाही. त्यानंतर मी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. दुरुस्त झालेलं मशीन नवऱ्याने जाऊन आणलं. तोपर्यंत मामांचा हात प्लास्टरमध्ये होता.

तर या शनिवारी मी मशीन खाली घेतलं तेव्हाच हाताला जड लागलं. पोत्यावर ठेवून पाहिलं तर पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीत गळ्यापर्यंत पेट्रोल. झाकण उघडलं. जुन्या वार्निशसारखा वास. आणि रंग नुसता पिवळट. आमचं ऑइल हिरवं आहे, ते मिसळलं की पेट्रोलला हिरवी झाक येते. यात ती नव्हती. म्हणजे कोणीतरी कोरं पेट्रोल भरलं होतं, आणि ते टाकीत बरेच महिने पडून होतं.

मी वही उघडली. दिवाळीनंतरची नोंद: टाकी रिकामी केली. खूण. इंजिन कोरडं केलं. खूण. कापडात गुंडाळून कोठीत टांगलं. खूण.

मग मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दोरी चकरीवर गुंडाळत होता. मी विचारलं, मध्ये कधी मशीन काढलं होतं का. तो म्हणाला नाही. मी म्हणाले, आठवून सांगा. तो म्हणाला, आठवूनच सांगतोय. मी म्हणाले, मग पेट्रोल काय छतातून गळलं का.

"मी हात लावला असता तर तुझ्या वहीत आलं असतं," तो म्हणाला. "आपल्या घरात शिंकलं तरी नोंद होते."

मला हसू आलं नाही. घड्याळात आठ वाजून गेले होते. पूर्वेला ढग जमायला लागले होते. मामा खुर्चीवरून सगळं बघत होते, पण बोलले नाहीत. नवराबायकोच्या बोलण्यात ते पडत नाहीत.

पेट्रोल ओतून काढलं. आता कार्बोरेटर उघडायचा की नाही, हे मला ठरवता येईना. उघडला आणि नीट बसला नाही तर दिवस गेला. न उघडता चालू केलं आणि आत राप असेल तरी दिवस गेला. नवऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून मिस्त्री हॅलो हॅलो म्हणत होता. ठेवून देणंही शोभेना.

मी वही आणि फोन घेऊन गोठ्यामागे गेले आणि आधी कामाचं विचारलं. त्याने नीट सांगितलं: वरचे चार स्क्रू काढा, आत एक पातळ रबरी पडदा आहे, तो बोटाने दाबून बघा. कडक झाला असेल तर बदलावा लागेल, आज होणार नाही. मऊ असेल तर त्याखालची बारीक जाळी ताज्या पेट्रोलने धुवा आणि जसं होतं तसं बसवा. मी सगळं लिहून घेतलं. मग फोन न ठेवता म्हणाले की मागच्या वर्षी तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं, पेट्रोल बिनऑइलचंच होतं, चूक आमच्या घरातली आहे, आणि त्या दिवशी दुकानात मी जे बोलले ते बोलायला नको होतं.

त्याच्या मागे कुठलं तरी इंजिन फुरफुरत होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या म्याडम. पडदा मऊ हाय का बघा आधी."

पडदा मऊ होता. जाळी मी शाळेतून टाकून दिलेल्या मऊ ब्रशने धुतली. सव्वानऊला कार्बोरेटर परत बसला. टाकी आतून खळबळून घेतली, पुसली, झाकण लावलं. यादीतली आठ कामं झाली होती. मी पेट्रोल-ऑइल मिसळायला आत गेले. नवरा पाना आणायला गोठ्याकडे गेला. मशीन रिकामी टाकी घेऊन पोत्यावर पडलेलं, आणि अंगणात फक्त मामा.

मला आत दहा मिनिटं लागली असतील. मापाची नळी डोळ्याच्या रेषेत धरून बघायला वेळ लागतो. हिरवं मिश्रण बाटलीत भरून मी बाहेर आले तर नवऱ्याने पट्टा खांद्याला अडकवलेला, चोक ओढलेला, आणि इंजिनाची दोरी ओढायला हात मागे नेलेला. सहज माझी नजर टाकीवर गेली. टाकी भरलेली होती.

"थांबा," मी म्हणाले. "टाकी कोणी भरली?"

"तूच भरली नं?"

मी हातातली बाटली वर केली. त्याने दोरी सोडून दिली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग दोघांच्याही माना ओसरीकडे वळल्या.

"मी भरली," मामा म्हणाले. मोटारसायकलसाठी ठेवलेल्या पेट्रोलचा डबा त्यांच्या खुर्चीशेजारी होता, त्यावर छोटं नरसाळं उपडं घातलेलं. "रिकामी दिसली म्हणून भरली. तुझ्या आत्याला रिकामं भांडं बघवत नव्हतं, तुला ठावं हाय. ती गेल्यापासून मी बघायलोय समदं. माठ, मिठाची बरणी, दिव्याचं तेल. तुमी लोकं कामात असता, ह्या मशीनचं तुमच्या ध्यानातच राहत न्हाई. दर साली रिकामंच टांगून ठेवता. मी हाय तवर न्हाई राहू देत रिकामं."

 त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "चालतंय नं बाई?"

"चालतंय, मामा," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. त्या एका शब्दाने पुढचं सगळं अवघड करून ठेवलं.

आत्यांची ती सवय मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून पाहिली होती. दिवेलागणीला त्या घरभर एक फेरी मारायच्या. देवघरातला दिवा, मग माठ, मिठाची बरणी, पिठाचा डबा, हळदीकुंकवाचा करंडा. जिथे कमी असेल तिथे मूठभर, वाटीभर घालायचं. तळ दिसू द्यायचा नाही. त्या गेल्यावर आठ दिवसांतच मामांनी ती फेरी सुरू केली. आयुष्यभर ज्यांनी स्वयंपाकघरात पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतलं नव्हतं, ते बरण्यांची झाकणं उघडून बघायला लागले. मला बरंच वाटलं होतं. त्यांच्या संध्याकाळला काहीतरी काम मिळालं, असं मी म्हणाले होते. फेरी कोठीपर्यंत पोहोचली आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं. मागची दोन वर्षंही असंच झालं असणार: टाकी भरलेली दिसली की नवऱ्याला वाटलं मी भरली, मला वाटलं त्याने.

नवऱ्याने पट्टा काढला. प्लग ढिला वाटायलाय, जरा बघतो, असं मोठ्याने म्हणाला आणि मशीन उचलून गोठ्याच्या मागे गेला. मी पाठोपाठ. तिथे आम्ही टाकी परत ओतली, परत पुसली, आणि हिरवं मिश्रण भरलं. चोरून करावं तसं.

"सांगून टाक त्यांना," तो हळू आवाजात म्हणाला.

"तुमी सांगा. वडील तुमचे."

"वही तुझी हाय."

मी झाकण घट्ट करत राहिले. तो पुढे म्हणाला, "सकाळपासून मी गुन्हेगार होतो. तेवढं बी लिहून ठेव कुठंतरी." आवाजात राग नव्हता, पण गंमतही पूर्ण नव्हती. मी म्हणाले, लिहिते. नंतर खरंच लिहिलं.

"आन त्यांना असं सांग," तो म्हणाला, "की मशीनचा उपास असतो. दिवाळी ते मिरग."

या वेळी मला हसू आलं. पण मशीन उचलताना जे लक्षात आलं त्याने ते जागच्या जागी थांबलं. मामा हुशार आहेत. टाकी भरू नका एवढं सांगून त्यांचं समाधान होणार नाही. ते विचारणार, भरली तर काय होतं? मग कोरं पेट्रोल सांगावं लागणार. मग पिस्टन. पिस्टनवरून मागचा श्रावण, बंद मशीन, गवताने भरलेली वाट. आणि तिथून स्वतःच्या मनगटापर्यंत ते माझ्या मदतीशिवाय पोहोचणार. त्याचंही एवढं नव्हतं. मोडलेल्या हाताचं ते हसण्यावारी नेतील. मला भीती वाटत होती ती दुसरीच. आपल्या भरण्याने घरात नुकसान झालं हे कळलं, तर ते सगळ्याच फेरीतून हात काढून घेतील. बरणीचं झाकण उघडायच्या आधी मला विचारायला येतील. आणि मग दोन-चार दिवसांत ती फेरीच बंद होईल.

मशीन तिसऱ्या ओढीला चालू झालं. दुपारी तीनपर्यंत नवऱ्याने वाट कापली, दोन्ही बाजूंनी हातभर रुंद. मध्ये एकदा भुरभुर आली, पण थांबली. समाधीजवळ दोरी चालवता येत नाही, खडे उडतात आणि बेलाला मार बसतो. तिथलं मी विळ्याने काढलं. दिवस मावळायच्या आत विळा धुऊन वळचणीला खोचला. अकरा कामं, अकरा खुणा.

सोमवारी सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून, बेलाची पानं घेऊन निघाले. काठी होती, पण टेकायची वेळ आली नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून चालत होते. जाताना वाटेतच सांगायचं असं मी ठरवलं होतं. मोकळी जागा, ऐकायला तिसरं कोणी नाही, पुढे समाधी. याहून बरी वेळ मिळणार नव्हती. निम्म्यापर्यंत मी शब्द जुळवत गेले. ते पडले होते ती जागा आली तेव्हा त्यांनी काठीने ती मला दाखवली, जणू मला माहीतच नाही, आणि म्हणाले, यंदा वाट लय झाक केली.

समाधीवर पाणी घालून, पानं वाहून ते थोडा वेळ उभे राहिले. मग हळू आवाजात बोलायला लागले. माझ्याशी नव्हे.

"माठ भरलेला हाय. मीठ हाय. तेल हाय. मशीनची टाकी बी भरलेली हाय. काई रिकामं न्हाई."

नंतर नवऱ्याकडून कळलं की हे ते दर वेळी सांगतात. तो लहानपणापासून वडिलांना ओळखतो, त्याला नवल नव्हतं. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. परतीच्या वाटेवर मी पिकाबद्दल बोलत आले.

पावसाळ्याचे पुढचे दोन-अडीच महिने मी निभावून नेले. मोटारसायकलचा डबा कोठीतून काढून बाहेरच्या छपरात नेला. कोठीत फक्त हिरव्या मिश्रणाची छोटी बाटली ठेवली, म्हणजे मामांनी काही घातलं तरी योग्यच जावं. त्यांच्या फेरीचा क्रमही पाहून घेतला. देवघरातला दिवा पहिला आणि कोठी सगळ्यात शेवटी, ती बॅटरीच्या उजेडात, नंतर हात धुणं. तरी पेट्रोल आणि दिवेलागण एका यादीत बसवणं मला आजही पटत नाही. पण मशीन दर पंधरवड्याला चालत होतं, भरलेली टाकी लागतच होती, आणि सांगायची घाई नाही असं स्वतःला समजावता येत होतं.

दिवाळी झाली तशी ती सोय संपली. मशीन टांगायची वेळ आली. मी टाकी रिकामी केली, इंजिन कोरडं केलं, खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत वाटीभर हिरवं मिश्रण. मी ते काढून बाटलीत परत ओतलं. संध्याकाळी मामांनी पुन्हा भरलं. सकाळी मी पुन्हा काढलं. तेच वाटीभर पेट्रोल गेले सतरा दिवस बाटलीतून टाकीत आणि टाकीतून बाटलीत फिरतं आहे. सकाळच्या चहाआधी हे काम उरकलं नाही तर शाळेत दिवसभर माझं लक्ष लागत नाही. कोठीला कुलूप लावून पाहावं असं एकदा वाटलं. पण कुलूप दिसलं की किल्ली मागतील, आणि किल्ली का देत नाही ते सांगावं लागेल. बाटली लपवली तर छपरातला डबा शोधतील, म्हणजे पुन्हा कोरं पेट्रोल.

हे असं बरेच दिवस चालेल, असा माझा हिशेब होता. मामांना टाकीत काल किती होतं ते आठवणार नाही, असं मी धरून चालले होते. ते चुकलं. गेल्या सोमवारी त्यांनी मशीनखाली वर्तमानपत्र पसरलेलं दिसलं. मंगळवारी ते उचलून त्यांनी उजेडात धरून पाहिलं. कोरडं. बुधवारी दुसरं पसरलं. तेही कोरडं. काल संध्याकाळी ते मला म्हणाले की बाई, टाकीत काहीतरी गडबड हाय. रोज भरायलोय आन रोज रिकामी. गळत न्हाई, आन उरत बी न्हाई. मशीन कोणी चालवायलंय का? मी नाही म्हणाले.  त्यांचा चेहरा मला बघवेना. आपल्या देखरेखीखालचं एक भांडं आपल्याला दाद देत नाही, याने ते बेजार झाले होते.

आज सकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं आहे की बाजाराच्या दिवशी मशीन मोटारसायकलला बांध, मी मागं बसतो, ताडकळसला मिस्त्रीला दाखवू. नवऱ्याने दोन सबबी सांगितल्या, दोन्ही त्यांनी खोडून काढल्या. मी सोबत येते म्हणाले तर म्हणाले, तुला शाळा हाय, फजूल रजा कामून घेतीस.

मिस्त्री साधा माणूस आहे. टाकी बघेल, ठीक आहे म्हणेल, आणि बोलता बोलता मागच्या वर्षीच्या पिस्टनचं काढेल. माझ्या माफीचंही काढेल. चूक घरातलीच होती, म्याडम स्वतः म्हणाल्या, असं सांगेल. मामा तिथेच, दुकानातल्या बाकावर बसून, सगळं जोडतील. भोवती चार माणसं असतील.

नवरा म्हणतो मिस्त्रीला फोन कर, गप राहायला सांग. मी नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. मामांना जे मी सांगायचं, ते त्यांच्यापासून लपवायला आता ताडकळसचा मिस्त्रीही सामील करून घ्यायचा का? फोन तसाच चार्जिंगला लावून मी अंगण झाडून काढलं, मग पुन्हा एकदा झाडलं.

बाजाराला दोन दिवस आहेत. मामा आत्ता ओसरीवर बसून काठीच्या टोकाला नवं रबर बसवतायत, ताडकळसला जायचं म्हणून. दिवेलागणीला अजून तासभर आहे. त्यांच्याशेजारी बसून बोलायला पाच मिनिटं पुरतील, फार तर दहा. वहीत मी ते आजच्या तारखेला लिहिलं आहे, सगळ्यात वर. खालची सगळी कामं झाली. ते राहिलं आहे.